दोन खिंडींमधला जिल्हा

गडचिरोलीचं क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर. हिमाचल प्रदेशातला लाहौल-स्पिती जिल्हा त्याहून जेमतेम पाच-सहाशे चौरस किलोमीटरनं लहान. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत दहा लाखांहून जास्त माणसं मोजली गेली, तर लाहौल-स्पितीत ३१,५६४. चौरस किलोमीटरमागे दोन माणसं! त्या जनगणनेत या जिल्ह्यात एकही शहर नव्हतं. मुख्यालय असलेलं केलांगसुद्धा कागदोपत्री खेडंच.

तरीही जिल्हा म्हटला की जे जे लागतं ते इथे आहे. जिल्हाधिकारी आहे, पोलीस अधीक्षक आहे, कोषागार आहे, जिल्हा परिषद आहे, विधानसभेची एक स्वतंत्र जागाही आहे. पुण्या-मुंबईहून दर उन्हाळ्यात शेकडो लोक स्पितीची फेरी करून येतात आणि मठांचे, ताऱ्यांचे, उजाड डोंगरांचे फोटो आणतात. पण हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून घरी पत्रं पाठवताना, साडेचौदा हजार फुटांवर हे कार्यालय चालवतं कोण, त्याचा पगार कुठून निघतो, हिवाळ्यात थैली खाली कशी जाते, हे विचारायचं सहसा कुणाला सुचत नाही. या जिल्ह्याचा सगळ्यात नवलाचा भाग माझ्या मते हाच आहे. इथला कारभार दोन गोष्टींवर चालतो: कोणती खिंड उघडी आहे, आणि बर्फ पडायला किती दिवस उरलेत. कायदे, पदं, अंदाजपत्रक, निवडणूक, सगळं या दोन गोष्टींभोवती वाकवून घ्यावं लागलं आहे.

आधी जमीन बघू. नावातच जोडचिन्ह आहे, आणि ते उगाच नाही. लाहौल आणि स्पिती ही दोन वेगळी खोरी आहेत, आणि त्यांच्यामध्ये साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड आहे. लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या दोन नद्या. दोघी उगम पावतात त्या बारालाचा खिंडीच्या दोन अंगांना. मग चंद्रा लांबचा वळसा घेऊन कोकसर, सिस्सूवरून येते, भागा दारचा, जिस्पा आणि केलांगवरून उतरते, आणि तांडी गावाशी दोघी मिळतात. पुढे ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला हे नाव ऐकून क्षणभर थबकायला होतं, एवढंच. या चंद्रभागेचा भीमेशी काही संबंध नाही. ती पट्टन खोऱ्यातून उदयपूरवरून वायव्येला चंबा जिल्ह्यातल्या पांगीत शिरते आणि तिथून किश्तवाडकडे जाते. स्पिती नदीची दिशा नेमकी उलटी. ती कुंझुमच्या पलीकडून आग्नेयेला वाहत किन्नौरमध्ये खाब इथे सतलजला मिळते. एकाच जिल्ह्याचं पाणी असं दोन टोकांना जातं आणि पुन्हा एकत्र येतं ते पाकिस्तानात, पंजनदजवळ, चिनाब आणि सतलज मिळतात तिथे.

बाहेरच्या जगाशी या दोन खोऱ्यांची दारंही वेगळी. लाहौलचं दार दक्षिणेला, मनालीच्या डोक्यावरची ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड. स्पितीला दोन दारं: पश्चिमेला कुंझुम, जी वर्षातले चार-पाच महिनेच धड उघडी असते, आणि आग्नेयेला नदीच्या काठाकाठानं किन्नौरकडे जाणारा रस्ता. त्याला खिंड ओलांडावी लागत नाही, म्हणून तो नावापुरता बारमाही आहे. नावापुरता म्हणायचं कारण दरडी. मलिंग नाल्याजवळचा उतार अनेक वर्षं रस्ता गिळत आला आहे. २००४ साली तिबेटात पारेचू नदीवर दरड कोसळून तलाव झाला. पुढच्या जूनमध्ये तो फुटला, तेव्हा खालचे पूल आणि रस्त्याचे लांबच लांब पट्टे वाहून गेले.

पीर पंजालची रांग मोसमी ढग अडवते. त्यामुळे मनालीत जुलैमध्ये धो धो पाऊस असताना पलीकडे आकाश कोरडं असतं. लाहौलच्या पट्टन भागात थोडी झाडी दिसते. स्पिती मात्र थंड वाळवंटच. पाणी येतं ते बर्फाचं, आणि शेती होते ती फक्त पाटाच्या पाण्यावर. या पाटाला इथे कुहल म्हणतात. मे ते सप्टेंबर एवढाच हंगाम, एकच पीक. या अवघ्या पाच महिन्यांत शेतकऱ्यालाही वर्ष काढायचं असतं आणि सरकारलाही. हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

दोन वेगळ्या खोऱ्यांचा एक जिल्हा झाला कसा, हा प्रश्न मग आपोआप येतो. १८४६ पर्यंत स्पिती लडाखशी जोडलेलं होतं, लाहौलचा मोठा भाग कुलूशी. पहिल्या शीख युद्धानंतर कुलू-लाहौल इंग्रजांकडे आलं, आणि लडाख जम्मूच्या गुलाबसिंगाकडे गेलं. स्पिती मात्र इंग्रजांनी अदलाबदल करून स्वतःकडे ठेवून घेतलं. स्पितीतून त्यांना जवळजवळ काहीच महसूल मिळणार नव्हता. पण पश्मिना लोकर ज्या चांगथांगच्या पठारावरून येते तिथपर्यंतची वाट दुसऱ्याच्या मुलखातून जाऊ नये, ही त्यांची गरज होती. लोकरीच्या वाटेसाठी घेतलेला हा मुलूख चालवायचा कसा, याचं उत्तर त्यांनी स्वस्तात शोधलं: चालवायचाच नाही. स्पितीच्या परंपरागत सरदाराला, नोनोला, १८७३ च्या नियमावलीनं न्यायदानाचे आणि महसुलाचे अधिकार दिले. खुनासारखा गुन्हा सोडला तर बाकी सगळं त्याच्याकडे. लाहौलमध्ये कोलोंगच्या ठाकुराला वजीर केलं. कुलूचा इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात एखादी फेरी मारी. कोठी नावाचे जुने महसुली गट तसेच राहिले; मठांना मिळणारं धान्यही तसंच चालू राहिलं. थोडक्यात, दूरच्या मुलखाचे अधिकार तिथल्याच एका माणसाच्या हाती सोपवायचे, ही पद्धत इथे दीडशे वर्षांची आहे. आजच्या सरकारी रचनेत ती वेगळ्या कपड्यांत पुन्हा दिसते.

स्वातंत्र्यानंतर ही खोरी पंजाबातल्या कांगडा जिल्ह्यात होती. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, तिबेटच्या सीमेवर चिनी सैन्य येऊन बसलं, आणि १९६० हे एकच वर्ष बघा: किन्नौर, उत्तरकाशी, चमोली, पिथौरागढ आणि लाहौल-स्पिती हे सगळे जिल्हे त्या वर्षी झाले. सीमेला लागून जिल्ह्यांची एक ओळच उभी राहिली. जिल्हा करायचा तर साधारणपणे लोकसंख्या, महसूल, तालुक्यांची मागणी बघतात. इथे कुणी डोकी मोजली नाहीत. सीमेपर्यंत रस्ता न्यायचा, पोलीस ठाणं न्यायचं, आणि एक वरिष्ठ अधिकारी तिथे बसवायचा, एवढाच हेतू होता. १९६६ मध्ये पंजाबची फेररचना झाली तेव्हा हा जिल्हा हिमाचलकडे आला. चंबा-लाहौल म्हणून ओळखला जाणारा उदयपूरचा भाग १९७५ मध्ये जोडला गेला, आणि आजचा आकार पुरा झाला.

आता कार्यालयांची उतरंड. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती ओळखीची वाटेल, फक्त पाट्या वेगळ्या. जिल्हाधिकाऱ्याला इथे उपायुक्त म्हणतात, बोलताना डीसी. प्रांताच्या जागी एसडीएम, मंडळ अधिकाऱ्याच्या जागी कानूनगो, तलाठ्याच्या जागी पटवारी. डीसी केलांगला बसतो. उदयपूरला एसडीएम आहे. स्पितीतल्या काझाला मात्र अतिरिक्त उपायुक्त, म्हणजे एडीसी बसतो, आणि या एका पदात जिल्ह्याची सगळी गुंतागुंत सामावली आहे.

उन्हाळ्यात केलांगहून काझा गाठायचं तर ग्राम्फू, बातल, कुंझुम, लोसर असा १९० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. रस्ता म्हणजे बराचसा नदीच्या पात्रातला दगडगोटाच, तरी एका दिवसात माणूस पोचतो. हिवाळ्यात कुंझुम बंद. मग त्याच जिल्ह्यातल्या त्याच गावी जायला कुलू, मंडी, शिमला आणि किन्नौर असे परके जिल्हे ओलांडत सहाशे किलोमीटरहून लांब वळसा घालावा लागतो. जिल्ह्याचा प्रमुख स्वतःच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पाहुण्यासारखा, लांबच्या दारानं जातो. रोहतांगखालचा बोगदा नव्हता तेव्हा तर हाही पर्याय नसे. केलांग स्वतःच कोंडलेलं असे, आणि बाहेर पडायचं ते हेलिकॉप्टरनं, नाहीतर हिवाळ्यापुरत्या उघडलेल्या मढी आणि कोकसरच्या बचाव चौक्यांच्या भरवशावर खिंड पायी ओलांडून.

अशा ठिकाणी नेहमीची सरकारी पद्धत कशी अडकते ते पाहण्यासाठी एक साधं काम घेऊ. स्पितीतल्या एका गावाची नळयोजना गोठून फुटली. नेहमीच्या पद्धतीत कनिष्ठ अभियंता वरच्या अभियंत्याला लिहितो, तो त्याच्या वरच्याला, आणि खात्याचा प्रमुख शिमल्यात. रस्त्याचं खातं वेगळं, विजेचं वेगळं, शाळांचं वेगळं. प्रत्येकाची शिडी वेगळी आणि प्रत्येक शिडीचं वरचं टोक खिंडीपलीकडे. कर्मचारी रजेवर गेला तर त्याची रजा मंजूर करणारा शिमल्यात. तो परत आला नाही तर जाब विचारणाराही शिमल्यात. काझाच्या अधिकाऱ्यानं करायचं काय, तर पत्र लिहायचं आणि वाट बघायची.

यावर हिमाचलनं काढलेला तोडगा म्हणजे ‘सिंगल लाइन’ प्रशासन. तो १९८६ मध्ये पांगीत सुरू झाला. पांगी तर लाहौलपेक्षाही अडचणीचं. चंब्याहून तिथे जायचं तर ४,४०० मीटर उंचीची साच खिंड. दोन वर्षांनी हीच पद्धत बाकीच्या आदिवासी भागांत आली. कल्पना सरळ आहे. त्या भागातल्या सगळ्या खात्यांची कार्यालयं एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आणायची आणि प्रत्येक खात्याच्या विभागप्रमुखाचे अधिकार त्यालाच द्यायचे. पांगीत तो निवासी आयुक्त, काझाला एडीसी, लाहौल आणि किन्नौरमध्ये डीसी. खात्यांचा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत, रजा त्याच्याकडे, गोपनीय अहवालात त्याचा शब्द, ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाची मंजुरीही त्याचीच. फुटलेल्या नळाचा निर्णय आता काझालाच होतो, आणि जिथे सचिवालयाची गरज पडते तिथे काझाहून थेट शिमल्याला लिहिलं जातं.

कागदावर ही रचना मला देशातल्या फार थोड्या शहाण्या प्रशासकीय प्रयोगांपैकी एक वाटते. तिचा दोषही तिच्यातच आहे. सगळ्या दोऱ्या एका हातात आल्या की तो हात कसा आहे यावर सगळं ठरतं. चांगला एडीसी मिळाला तर एका उन्हाळ्यात अडलेली कामं मार्गी लागतात. पद रिकामं राहिलं, की सगळी खाती एकदम थांबतात. शिवाय तांत्रिक मंजुरी, मोठे ठेके, नेमणुका यांच्या चाव्या खात्यांनी शिमल्यातच ठेवल्या आहेत. कोणतंही खातं आपले अधिकार पूर्ण मनानं सोडत नाही.

माणसं टिकवणं हा तर स्वतंत्र विषय. आदिवासी भागातली बदली हिमाचलच्या नोकरवर्गात शिक्षेसारखी पाहिली जाते. जादा भत्ते असूनही. बदल्यांच्या धोरणात इथल्या नेमणुकीची मुदत मोजायची पद्धत मला फार बोलकी वाटते: दोन हिवाळे आणि तीन उन्हाळे. वर्षं मोजली असती तर माणूस ऐन बर्फात मोकळा झाला असता, आणि त्याच्या जागी येणारा रोहतांगच्या अलीकडे अडकला असता. म्हणून ऋतू मोजायचे. येणाऱ्यानं खिंड उघडल्यावर यायचं, जाणाऱ्यानं बंद व्हायच्या आत निघायचं.

ऋतूंचा हा हिशेब सगळीकडे आहे. कोकणात पावसाआधी आगोटीची तयारी करतात, तशी इथे सरकारच आगोट भरतं, फक्त ती सहा महिन्यांची असते. गहू, तांदूळ, साखर, गॅसच्या टाक्या, डिझेल, औषधं, जनावरांसाठी चारा, आणि जळाऊ लाकूड. स्पितीत झाडं जवळपास नाहीतच. त्यामुळे घरं आणि कार्यालयं उबदार ठेवायला लागणारं लाकूड वनखात्याच्या यंत्रणेनं खालच्या जिल्ह्यांतून ट्रकनं वर आणायचं आणि सवलतीत वाटायचं. हे सगळं ऑक्टोबरपर्यंत गोदामात पडलं नाही, तर मग वेळ निघून गेली. अन्नपुरवठा अधिकाऱ्यासाठी इथे मार्च नव्हे, सप्टेंबर हा वर्षअखेरीचा महिना.

आर्थिक वर्ष मात्र देशभर एकच, एप्रिल ते मार्च, आणि इथेच खरी कळ आहे. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतं, पैसे उतरायला मे-जून उजाडतो, निविदा निघून ठेकेदार ठरेपर्यंत जुलै. मजूर येतात ते बिहार, झारखंड, नेपाळहून. ते ऑक्टोबरात परतायला बघतात, कारण त्यानंतर सिमेंट धरत नाही आणि पाण्याचं बर्फ होतं. बारा महिन्यांच्या अंदाजपत्रकाला प्रत्यक्षात काम करायला तीन-साडेतीन महिने मिळतात. महाराष्ट्रात मार्चअखेरीस खर्च उरकायची जी घाई होते ती इथे करताच येत नाही. मार्चमध्ये रस्ता कुठे आहे हेच दिसत नाही. त्यामुळे एका वर्षी मंजूर झालेलं काम पुढच्या वर्षी उभं राहणं इथे नेहमीचं. बाहेरून आलेले लेखापरीक्षक त्याला दिरंगाई म्हणतात.

पैशाचा मोठा ओघ येतो तो आदिवासी उपयोजनेतून. हिमाचलनं विकासखर्चाचा नऊ टक्के वाटा आदिवासी भागांसाठी राखून ठेवायचं धोरण ठेवलं आहे, आणि तो पाच प्रकल्पांत वाटला जातो: किन्नौर, लाहौल, स्पिती, पांगी, भरमौर. इथेही पाहा, एका जिल्ह्याचे दोन प्रकल्प. प्रत्येक प्रकल्पाची सल्लागार समिती असते, स्थानिक आमदार तिचा अध्यक्ष असतो, आणि कोणत्या गावाला पूल, कोणत्या गावाला कुहल हे तिथे ठरतं. सीमाभाग विकासाचा निधी, आणि २०२३ मध्ये केंद्रानं सीमेवरच्या खेड्यांसाठी मंजूर केलेली ‘व्हायब्रंट व्हिलेज’ योजना, यांची भर त्यावर पडते.

जनगणनाही इथे वेगळ्या तारखेला होते. २०११ च्या जनगणनेची देशासाठीची संदर्भ तारीख १ मार्च २०११ होती. बर्फानं कोंडणाऱ्या भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०१०. म्हणजे या लेखाच्या सुरुवातीचा ३१,५६४ हा आकडा बाकी देशाच्या पाच महिने आधीचा आहे. निवडणुकांचं तसंच. १९९८ च्या विधानसभा निवडणुकीत लाहौल-स्पिती, किन्नौर आणि भरमौर या तीन जागांवर मतदान जूनमध्ये झालं. बाकी राज्यात निकाल लागून सरकारही बसलं होतं. २००७ मध्ये उलटं केलं: या तीन ठिकाणी नोव्हेंबरात, बाकी राज्यात डिसेंबरात. मतदारसंघ सुमारे पंचवीस हजार मतदारांचा, हिमाचलमधला सर्वांत लहान. आणि तोच क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. लोकसभेसाठी तो मंडीला जोडलेला आहे. स्पितीतल्या ताशीगंग गावात, १५,२५६ फुटांवर, २०१९ पासून मतदान केंद्र आहे. पन्नासेक मतदारांसाठी यंत्रं, कर्मचारी, पोलीस आणि प्राणवायूचा सिलिंडर वर न्यायचा. वर्तमानपत्रांना हे फार आवडतं. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढ्या लहान मतदारसंघात काही शे मतांनी आमदार बदलू शकतो, आणि आमदार प्रकल्प समितीचा अध्यक्ष असतो. म्हणून गावाचा कुहल आणि गावाचं मत यांतलं अंतर इथे फारच कमी असतं.

जमिनीचा कायदाही वेगळा, आणि त्याचं मूळ राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. १९७५ च्या आदेशानं लाहौल-स्पिती, किन्नौर, पांगी आणि भरमौर हे अनुसूचित क्षेत्र ठरले. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीचे भाग याच अनुसूचीत येतात, त्यामुळे तत्त्व नवं नाही: आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी विकता येत नाही, ग्रामसभेला जादा अधिकार असतात, आणि एखादा कायदा या क्षेत्राला लागू करायचा की नाही हे राज्यपाल ठरवू शकतात. या शेवटच्या तरतुदीचा इथे प्रत्यक्ष वापर झाला आहे. सरकारी पडीक जमीन कसण्यासाठी देण्याची ‘नौतोड’ नावाची जुनी पद्धत आहे. उघडा डोंगरही दप्तरी ‘वन’ म्हणून नोंदलेला असल्यामुळे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि नौतोड अडलं. २०१४ मध्ये राज्यपालांनी अनुसूचीतले अधिकार वापरून नौतोडपुरता तो कायदा काही काळ बाजूला ठेवला. ती मुदत वाढत वाढत संपली, आणि तेव्हापासून हा वाद शिमल्यात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

या सगळ्या सरकारी रचनेच्या खाली आणखी एक कारभार आहे, आणि तो जास्त जुना. कुहलचं पाणी कुणाला कधी मिळणार हे स्पितीतल्या गावांत पिढ्यांपासून ठरलेलं आहे. पटवाऱ्याच्या वहीत जमीन असते. पाण्याची पाळी गाव सांभाळतं. पूर्वी थोरल्या मुलाकडे घर आणि सगळी जमीन जायची, धाकटे मठात जायचे. थोरल्याच्या घराला खांगछेन म्हणजे मोठं घर म्हणायचं, आणि पाण्यावरचा मोठा हक्क याच घरांचा. क्रूर वाटेल, पण एवढ्याशा ओलिताच्या तुकड्याचे दर पिढीला भाग पाडले असते तर कुणाचंच पोट भरलं नसतं. आता धाकटे मठाऐवजी चंदीगडला शिकायला जातात, आणि वाटण्या होतात. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे मुलींचा वाटा अजून रिवाजावर अडतो. त्यावरचे खटले वरच्या न्यायालयांपर्यंत गेले आहेत.

पिकंही बदलली. लाहौलमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कुठ नावाच्या औषधी मुळीनं पैसा आणला, मग बटाट्यानं. १९६६ मध्ये शेतकऱ्यांनी स्थापन केलेली लाहौल पोटॅटो सोसायटी बियाण्याचा बटाटा देशभर पाठवत आली. कोरड्या थंड हवेत बटाट्याला रोग कमी, म्हणून त्याला मागणी. स्पितीत सातूच्या शेतांवर आता हिरवा वाटाणा आहे. मैदानातला वाटाणा संपतो तेव्हा हा बाजारात येतो, आणि ट्रक वेळेवर निघाला तरच त्याला भाव. म्हणून वाटाण्याच्या दिवसांत रस्ता बंद पडला की काझाच्या कार्यालयात गर्दी होते. बाकी वर्षभर तिथे फारसं कुणी येत नाही.

३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला, आणि या जिल्ह्याच्या एका अर्ध्याचा भूगोल बदलला. मनालीहून केलांग दीड-दोन तासांवर आलं. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट न बघता जानेवारीतही कुलूच्या रुग्णालयात नेता येतं. आगोट भरायची निकड लाहौलपुरती ओसरली. हिवाळ्यात कुलूला राहायला जाणारी घरं आता वरच थांबू लागली. पण बर्फ पडायचं थांबलेलं नाही. बोगद्याच्या तोंडापासून केलांगपर्यंतच्या रस्त्यावर हिमकडे कोसळतातच, आणि जुलै २०२१ मध्ये उदयपूरच्या बाजूला नाल्यांना आलेल्या पुरानं माणसं नेली, पूलही नेले. लाहौलच्या पलीकडे झांस्करकडे जाणाऱ्या शिंकू ला खिंडीखालच्या बोगद्याचं काम २०२४ मध्ये सुरू झालं आहे.

स्पितीला यातलं काहीच नाही. कुंझुम अजून तशीच बंद होते. उलट जिल्ह्याचा एक अर्धा बारमाही झाल्यानं दोन अर्ध्यांमधलं अंतर वाढलं. केलांगच्या कार्यालयाला आता कुलू शेजारी झालं आहे. काझाला अजून किन्नौरमधलं रेकाँगपिओच जवळचं. सिंगल लाइनची गरज लाहौलला कमी झाली म्हणून ती पद्धत ढिली पडली, तर तिची झळ खिंडीच्या पलीकडे बसेल.

लाहौलसमोरचे प्रश्नही नवे आहेत, आणि त्यांच्यासाठी डीसीच्या हाताशी तयार नियम नव्हते. बोगद्याच्या उत्तर तोंडाशी सिस्सू हे गाव आहे. बर्फ बघायला येणारे हजारो लोक आता भर हिवाळ्यात तिथे उतरतात. नेमक्या त्याच दिवसांत लाहौलच्या गावांत हाल्डासारखे सण असतात, देवतांच्या शांततेचे नेम पाळले जातात, गोंगाट आणि परक्यांची ये-जा वर्ज्य असते. पूर्वी रोहतांग बंद असल्यानं हा नेम आपोआप पाळला जाई. अलीकडच्या हिवाळ्यांत सिस्सू पंचायतीनं ठराव करून जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गावातला सगळा पर्यटन व्यवसाय बंद ठेवला आहे. हॉटेलं, घोडे, बर्फावरच्या गाड्या, सगळं. हे दिवस कमाईचे, तोटा गावाचाच, आणि ठरावही गावाचाच. जिल्हा प्रशासनानं तो अडवलेला नाही.